काठमांडूची देवळे : पाहणे आणि सांभाळणे



शैक्षणिक सहलीहून परत आलेल्या मुलांना "काय काय पाहिले?" असे विचारले की बहुधा नावांची यादी ऐकायला मिळते. चार मंदिरे, दोन राजवाडे, एक संग्रहालय आणि शेवटी बाजार. यादी लांब असते, पण "त्या मंदिराचे छप्पर कशाचे होते?" असा साधा प्रश्न विचारला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. दोष मुलांचा नाही. काय पाहायचे ते आपण त्यांना सांगतो, कसे पाहायचे ते सांगत नाही.

म्हणून या अंकातील अभ्यासलेखासाठी एकच नगर निवडले आहे. नेपाळची राजधानी काठमांडू आणि तिला लागून असलेली पाटण व भक्तपूर ही दोन जुनी नगरे. तेथील कोणत्याही वास्तूपुढे उभे राहिल्यावर चार प्रश्न विचारायचे. ही कोणी बांधली? कशाची बांधली? पडली तेव्हा काय झाले? आणि आज हिला कोण सांभाळते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात मिळते. चौथ्याचे उत्तर शोधावे लागते, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

खोरे आणि तीन राजधान्या

काठमांडूचे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० ते १,४०० मीटर उंचीवर आहे. फार प्राचीन काळी येथे सरोवर होते. मंजुश्रीने आपल्या खड्गाने चोभार येथील डोंगर कापून पाण्याला वाट करून दिली, अशी कथा सांगतात. भूगर्भशास्त्रज्ञही येथे सरोवर होते असेच सांगतात, कारण खोऱ्याच्या तळाशी सरोवरातील गाळाचे जाड थर आहेत. हा गाळ नीट लक्षात ठेवा. त्याने शेती पिकवली, विटांसाठी माती दिली आणि भूकंपाच्या वेळी हाच गाळ घात करतो, कारण मऊ थरांमध्ये हादऱ्यांचा जोर वाढतो.

मल्ल राजा यक्षमल्ल १४८२ साली वारला. त्यानंतर राज्याची वाटणी झाली आणि एकाच खोऱ्यात काठमांडू, पाटण व भक्तपूर अशा तीन राजधान्या नांदू लागल्या. एका राजाने देऊळ बांधले की दुसरा त्याहून देखणे बांधी. तिन्ही नगरांत राजवाड्यासमोर दरबार चौक आहे आणि तो देवळांनी भरलेला आहे. या चढाओढीचा शेवट गोरखा राज्याच्या पृथ्वीनारायण शाह याने केला. १७६८-६९ या काळात त्याने तिन्ही नगरे जिंकून घेतली.

१९७९ साली युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यात सात ठिकाणे आहेत : तीन दरबार चौक, स्वयंभू व बौद्धनाथ हे दोन स्तूप, आणि पशुपतिनाथ व चांगुनारायण ही दोन मंदिरे. २००३ ते २००७ या काळात हाच वारसा 'धोक्यातील वारसा' म्हणून नोंदला गेला होता. देवळे जागेवरच होती. पण त्यांच्या भोवतालची जुनी विटांची घरे पाडून काँक्रीटच्या इमारती उठत होत्या. वारसा म्हणजे एकटे देऊळ नव्हे, त्याची आळीही त्यातच येते, हा पहिला धडा.

अक्षर ओळखीचे, अर्थ वेगळा

आपल्या मुलांना या नगरात एक मोठी सोय आहे. नेपाळी भाषा देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे दुकानावरचे फलक सहज वाचता येतात. हिंदी माध्यमातून शिकलेल्या माझ्यासारख्याला तर पोखरी म्हणजे पोखर, तळे, हे लगेच उमगते. पण थोडे सावध राहावे लागते. 'टोल' म्हणजे रस्त्यावरचा कर नव्हे, तर वस्ती किंवा आळी. 'पाटी' म्हणजे लिहिण्याची पाटी नव्हे, तर वाटसरूंना टेकण्यासाठी रस्त्याच्या कडेला बांधलेली उघडी ओसरी. 'ढोका' म्हणजे दरवाजा आणि 'झ्याल' म्हणजे खिडकी. खोऱ्यातील मूळ नेवार समाजाची नेपाळ भाषा मात्र अगदी निराळी आहे. देवळे बांधणारे, कोरणारे, ओतकाम करणारे कारागीर मुख्यतः याच समाजातले.

स्वयंभू स्तूपावर चारही दिशांना बुद्धाचे डोळे रंगवले आहेत. दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या जागी, एक वळणदार खूण दिसते. तो नेपाळी आकडा 'एक' आहे. आपल्या '१' शी त्याची तुलना करून पाहा.

देऊळ वाचावे कसे?

नेवारी पद्धतीचे देऊळ खालून वर वाचावे.

सर्वांत खाली पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा असतो. त्यावर विटांचा चौकोनी गाभारा. बाहेरच्या विटा गुळगुळीत आणि पाचरीच्या आकाराच्या असतात, त्यांना 'दाची अप्पा' म्हणतात. पाचरीसारख्या असल्यामुळे बाहेरून दोन विटांमधली फट जवळजवळ दिसत नाही, आणि आत भरलेला मातीचा गिलावा पावसाने धुपत नाही. दारावर अर्धगोलाकार तोरण असते आणि त्यावर देवतेची ओळख कोरलेली असते. आत कोणता देव आहे हे न विचारता कळण्याची ही खूण.

छप्पर भिंतीच्या बरेच बाहेर आलेले असते. त्याला खालून तिरप्या लाकडी आधारांनी तोलून धरलेले असते. हे आधार म्हणजे 'टुंडाल'. त्यांवर देवदेवतांच्या मूर्ती कोरलेल्या असतात. छप्पर इतके बाहेर का काढले? पावसाचे पाणी मातीच्या भिंतींपासून दूर पडावे म्हणून. लाकूड मुख्यतः सालवृक्षाचे. जोड खाचा आणि लाकडी खुंट्यांचे असल्यामुळे हादरा बसला की सांगाडा थोडा हलतो, पण लगेच मोडत नाही. छपराच्या फळ्यांवर मातीचा थर आणि त्यावर छोटी कौले, त्यांना 'झिंगटी' म्हणतात. सर्वांत वर सोनेरी मुलाम्याचा कळस, म्हणजे 'गजूर'.

मुले हमखास विचारतात, "एवढे मजले, मग वर जाता येते का?" बहुतेक देवळांत वरचे मजले रिकामे असतात. देव तळमजल्यावर, आणि वरची छपरे त्याच्या मानाची.

आता छपराकडे पुन्हा एकदा पाहा. मातीच्या थरात पक्ष्यांनी आणलेले बी पडते, गवत उगवते, मुळे कौले उचलतात, फटीतून पाणी शिरते आणि साल कितीही टणक असला तरी आतून कुजू लागतो. दरवर्षी कोणीतरी वर चढून ते गवत काढावेच लागते. देवळाचे आयुष्य या क्षुल्लक वाटणाऱ्या कामावर अवलंबून असते.

तीन दिवस, तीन नगरे

*पहिला दिवस पाटणचा.* बागमती नदीच्या दक्षिणेला असलेल्या या नगराचे दुसरे नाव ललितपूर. दरबार चौकात सिद्धिनरसिंह मल्ल याने १६३७ साली बांधलेले कृष्ण मंदिर आहे. आजूबाजूची देवळे विटा-लाकडांची आणि हे मात्र पूर्ण दगडी, उत्तर भारतीय शिखर पद्धतीचे, २१ कळसांचे. पहिल्या मजल्याभोवती महाभारताचे आणि दुसऱ्या मजल्याभोवती रामायणाचे प्रसंग कोरले आहेत. आपल्याला कथा माहीत आहेतच. कोणता प्रसंग कोठे आहे ते ओळखायचे.

चौकाच्या कडेला काही पायऱ्या उतरून गेले की मंग हिटी लागते. 'हिटी' म्हणजे जमिनीच्या पातळीखाली बांधलेले दगडी पाणवठे. मकराच्या मुखातून पाणी पडते. ही हिटी इसवी सनाच्या सहाव्या शतकातली, म्हणजे समोरच्या कृष्ण मंदिराहून हजार वर्षांनी जुनी. पर्यटक देवळाचे छायाचित्र काढतात आणि पाणवठ्याकडे पाठ करून निघून जातात. आपण तसे करू नये. नगर आधी पाण्यावर वसते.

याच नगरातील एका टोलातून वासुदेव-कमलजा, म्हणजे अर्धे विष्णू व अर्धे लक्ष्मी अशी एक दगडी मूर्ती १९८४ साली चोरीला गेली. पुढे ती अमेरिकेतील डॅलस येथील कला संग्रहालयात असल्याचे उघड झाले. मधल्या काळात लोकांनी तिच्या जागी प्रतिकृती बसवून पूजा चालू ठेवली होती. २०२१ साली मूळ मूर्ती नेपाळला परत आली आणि डिसेंबरमध्ये आपल्या जागी पुन्हा बसली. संग्रहालयात ती एक सुंदर वस्तू होती. टोलात ती घरची देवता आहे. हा फरक मोठ्या वर्गांनी चर्चेला घ्यावा.

*दुसरा दिवस भक्तपूरचा.* काठमांडूच्या पूर्वेला सुमारे १३ किलोमीटरवर हे नगर आहे. येथे राजा भूपतींद्र मल्ल याने १७०२ साली बांधलेले न्यातपोल हे पाच छपरांचे मंदिर आहे. उंची सुमारे ३० मीटर. चौथऱ्याच्या पायऱ्यांवर पाच जोड्या पहारा देतात : खाली दोन मल्ल, मग हत्ती, मग सिंह, मग शार्दूल आणि वर व्याघ्रिणी व सिंहिणी या देवता. मल्ल सामान्य माणसाहून दहापट बलवान आणि पुढची प्रत्येक जोडी खालच्या जोडीहून दहापट बलवान, असे मानतात. लहान वर्गांनी हिशेब करावा : सर्वांत वरच्या देवता सामान्य माणसाहून किती पट बलवान?

१९३४ आणि २०१५ या दोन्ही मोठ्या भूकंपांत न्यातपोल उभे राहिले. १९३४ साली त्याच्या वरच्या भागाचे नुकसान झाले होते, ते दुरुस्त करण्यात आले. दरबार चौकातले वत्सला मंदिर मात्र २०१५ साली पूर्ण कोसळले आणि पुढे नव्याने उभारले गेले.

भक्तपूरच्या उत्तरेला टेकडीवर चांगुनारायण आहे. तेथे लिच्छवी राजा मानदेव याचा इसवी सन ४६४ चा स्तंभलेख आहे. खोऱ्यातील सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक, भाषा संस्कृत. राजा धर्मदेव वारल्यावर राणी राज्यवती सती जाण्यास निघाली, तेव्हा मुलाने म्हणजे मानदेवाने तिला परावृत्त केले, असे त्यात लिहिले आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर आई-मुलाचे हे बोलणे वाचायला मिळते.

*तिसरा दिवस काठमांडूचा.* हनुमान ढोक्याजवळ महेंद्र मल्ल याने १५६४ साली बांधलेले तलेजू भवानीचे उंच मंदिर आहे. तलेजू ही मल्ल राजांची कुलदेवता. सर्वसामान्यांना हे मंदिर वर्षातून एकदा, नवरात्रातील नवमीला उघडे होते. तराईतील सिम्रौनगड येथे कर्णाट वंशाचे राज्य होते. त्या घराण्याबरोबर ही देवी चौदाव्या शतकात खोऱ्यात आली, अशी परंपरा सांगते. कर्णाट हे नाव दक्षिणेकडचे. मराठी माणसाच्या मनात लगेच तुळजापूरची तुळजाभवानी येते. नावातले साम्य विचार करायला लावणारे आहे. पण विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की साम्य हा प्रश्नाचा आरंभ असतो, उत्तर नसते.

पशुपतिनाथाचे मात्र दक्षिणेशी असलेले नाते आजही डोळ्यांना दिसते. तेथील मुख्य पुजारी परंपरेने दक्षिण भारतातील, विशेषतः कर्नाटकातील भट्ट ब्राह्मण असतात. मंदिराच्या पायथ्याशी बागमतीच्या घाटावर चिता पेटलेल्या असतात. तेथे कॅमेरा पिशवीतच ठेवावा. ते कोणाचे तरी आई-वडील आहेत.

तलेजूपासून थोड्याच अंतरावर कुमारी घर आहे. जयप्रकाश मल्ल याने ते १७५७ साली बांधले. बौद्ध शाक्य कुटुंबातील बालिका तेथे कुमारी म्हणून राहते आणि हिंदू व बौद्ध दोघेही तिला देवी मानून नमस्कार करतात. या नगरात धर्मांची सीमा शोधू गेल्यास ती सापडता सापडत नाही.

पडले तेव्हा काय झाले?

२५ एप्रिल २०१५, वेळ सकाळी ११ वाजून ५६ मिनिटे. ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसे गेली. तो शनिवार होता आणि नेपाळात शनिवारी सुट्टी होती. हजारो शाळांच्या खोल्या पडल्या, पण त्या खोल्यांत मुले नव्हती. शाळा चालवणाऱ्या कोणालाही हे वाक्य शांतपणे वाचता येणार नाही.

शेकडो वास्तू ढासळल्या. पाटणच्या चौकातले चारनारायण आणि हरिशंकर ही मंदिरे जमीनदोस्त झाली. पण तेथील लोकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. रहिवासी, सैनिक व पोलीस यांनी मिळून कोरीव खांब, टुंडाल, तोरणे ढिगाऱ्यातून काढली आणि राजवाड्याच्या आवारात सुरक्षित ठेवली. पुढे देवळे उभारताना तेच जुने लाकूड पुन्हा वापरता आले. जो भाग मोडला होता तेवढाच कारागिरांनी नव्याने कोरला. बुलडोझर फिरला असता तर हे साधले नसते.

ज्याच्यावरून काठमांडू हे नाव पडले ते काष्ठमंडप, म्हणजे लाकडाचा भव्य मंडप, त्या दिवशी कोसळले. आत रक्तदान शिबिर चालू होते, काही जणांचे प्राण गेले. नंतर पुरातत्त्वज्ञांनी पाया खणून पाहिला. हा मंडप बाराव्या शतकाच्या सुमाराचा असावा असे तोवर मानत. पाया सातव्या शतकापर्यंत मागे जातो असे निघाले आणि तो अजूनही भक्कम होता. मग वास्तू का पडली? मुख्य चार खांबांपैकी एका खांबाची दगडी बैठक पूर्वीच्या दुरुस्तीत जागेवर बसलेली नव्हती, असे उत्खननात दिसले. भूकंप मोठा होता यात शंका नाही. पण तेराशे वर्षांच्या पायावर उभा असलेला मंडप एका अर्धवट दुरुस्तीने दुबळा केला होता. स्थानिक लोकांच्या आग्रहाने तो जुन्याच पद्धतीने, लाकूड व मातीत बांधला गेला आणि २०२२ साली खुला झाला.

राणीपोखरीची कथा याहून बोलकी आहे. राजा प्रताप मल्ल याने पुत्रशोकात असलेल्या राणीच्या सांत्वनासाठी १६७० साली हे तळे बांधले. भूकंपानंतर तेथे सिमेंट-काँक्रीटचे काम सुरू झाले. नागरिकांनी विरोध केला, काम थांबले आणि विटा, चुना व सुरखी वापरून तळे २०२० साली पूर्ण झाले. बौद्धनाथ स्तूपाचे शिखर तर भाविकांच्या देणग्यांतून आणि ३० किलोहून अधिक सोने लावून नोव्हेंबर २०१६ मध्येच तयार झाले होते.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ज्या वास्तूला "ही आमची" म्हणणारी माणसे होती आणि ज्यांच्या हातांत अजून कला होती, ती वास्तू नीट उभी राहिली. नेवार कारागिरांची ही कीर्ती जुनी आहे. अरनिको हा कलावंत तेराव्या शतकात येथूनच तिबेटमार्गे कुबलाई खानाच्या दरबारी गेला. त्याने बांधलेला पांढरा स्तूप बीजिंगमध्ये आजही आहे.

गुठी : चौथ्या प्रश्नाचे उत्तर

मग या देवळांना इतकी शतके कोण सांभाळत आले? राजाने देऊळ बांधले हे खरे, पण राजा काही दरवर्षी गवत काढायला येत नाही. त्यासाठी 'गुठी' नावाची व्यवस्था होती. संस्कृत 'गोष्ठी' या शब्दावरून हे नाव आले. लिच्छवी काळातल्या शिलालेखांतही गोष्ठींचे उल्लेख आहेत.

देऊळ, पाटी किंवा हिटी बांधणारा तिच्यासाठी जमीनही लावून देई. त्या जमिनीच्या उत्पन्नातून पूजा, दिवाबत्ती, छपराची दुरुस्ती, उत्सवाचे भोजन हे सारे चालावे, कोणते काम कोणी करावे, अशी वाटणी ठरलेली असे. कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गुठीचे सभासद असत. कोणती गुठी जत्रेचा रथ ओढी, कोणती वाद्ये शिकवी, कोणती सभासदाच्या घरी मृत्यू झाल्यास अंत्यसंस्काराचा भार उचली. पुष्कळ देवळांच्या शिलालेखांत ही सोय लिहून ठेवलेली आहे आणि ती मोडणाऱ्याला पाप लागेल असे बजावलेलेही आहे.

१९६४ साली बऱ्याच गुठ्या सरकारी गुठी संस्थानाकडे गेल्या. त्याच सुमारास जमीन सुधारणाही झाल्या. कुळांना जमीन मिळणे न्यायाचे होते, पण देवळांचे उत्पन्न आटले आणि छपरावरचे गवत तसेच राहू लागले. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, मोठ्या मुलांनी दोन्ही समजून घ्याव्यात. २०१९ साली गुठींविषयीचे एक नवे विधेयक आले, तेव्हा जून महिन्यात हजारो लोक काठमांडूच्या रस्त्यांवर उतरले आणि सरकारने ते विधेयक मागे घेतले. लोक केवळ देवळासाठी आले नव्हते. देवळाची जबाबदारी आपल्या हातून जाऊ नये म्हणून आले होते.

आपल्या इंदूरच्या वाचकांना ही व्यवस्था परकी वाटू नये. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी काशीविश्वनाथापासून सोमनाथापर्यंत मंदिरे, घाट, धर्मशाळा उभारल्या, त्या आपल्या खासगीच्या उत्पन्नातून. आणि बांधून त्या थांबल्या नाहीत, पूजा-अन्नछत्रांचा पुढचा खर्च कसा चालेल याचीही तजवीज त्यांनी केली. बांधणाऱ्याचे नाव आपल्याला पाठ असते. तजवीज विसरली जाते.

हे पालकांना आणि विश्वस्तांना विशेष आदराने सांगावेसे वाटते. नव्या इमारतीसाठी देणगी मिळते, तिच्यावर नावाची फरशी लागते. गच्चीवरचे पन्हाळे साफ करण्यासाठी मात्र देणगीदार मिळत नाही. आपल्या पूर्वजांनी या परमुलुखात मराठी शाळा, वाचनालय, गणेशोत्सव उभा केला. आपण त्याचे वारस आहोत, म्हणजे दरवर्षी गवत काढण्याची पाळी आता आपली आहे. प्रत्येक देणगीचा एक ठरावीक भाग केवळ देखभालीसाठी राखून ठेवावा, अशी माझी मंडळाला विनंती आहे.

जाताना लक्षात ठेवावे

१. स्तूपाला प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्याप्रमाणे घालावी.
२. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात चामड्याच्या वस्तू नेऊ नयेत.
३. टुंडाल, तोरण, मूर्ती यांना हात लावून पाहू नये. हजारो हातांचा घाम लाकूड व धातू खातो.
४. माणसांचे छायाचित्र विचारून काढावे. कुमारीचे छायाचित्र काढण्यास मनाई आहे.
५. घड्याळ १५ मिनिटे पुढे करावे. नेपाळची वेळ आपल्यापुढे तेवढीच आहे.
६. एका दिवसात एकच नगर. दहा देवळांसमोरून धावण्यापेक्षा एका देवळापुढे तासभर बसावे.

स्वाध्याय

*इयत्ता पाचवी ते सातवी :* नेवारी देवळाचे चित्र काढून चौथरा, तोरण, टुंडाल, झिंगटी व गजूर ही नावे लिहा. न्यातपोलच्या जोड्यांचा गुणाकार पूर्ण करा.

*इयत्ता आठवी ते दहावी :* काष्ठमंडप आणि राणीपोखरी यांच्या पुनर्बांधणीतून कोणते दोन धडे मिळतात? आपल्या शब्दांत दहा ओळी लिहा. गुठींच्या जमिनींविषयी दोन्ही बाजू मांडून वर्गात वादविवाद घ्या.

*सर्वांसाठी प्रकल्प :* नेपाळला जाणे प्रत्येकाला जमेल असे नाही. आपल्या आळीतील एक जुने देऊळ, छत्री, बावडी किंवा वाडा निवडा आणि त्याच्याविषयी चारही प्रश्नांची उत्तरे मिळवा. पुजाऱ्यांना, शेजारच्या आजोबांना, आजींना विचारा : गेल्या पावसाळ्याआधी छप्पर कोणी पाहिले? खर्च कोणी केला? उत्तर "कोणीच नाही" असे आले तर तेही तसेच लिहून आणा. निवडक वह्या पुढील अंकात छापू आणि त्यांची प्रत विश्वस्त मंडळापुढे ठेवू.